पांढऱ्या पावट्यातले काळे दाणे

प्रिय आक्का,

'प्रिय' लिहायचं असतं असं माझ्या रंजनानं सांगितलं म्हणून लिहिलं. तुम्ही असताना मी तुम्हाला प्रिय म्हटलं असतं, तर तुम्ही आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

माझी शाळा तिसरीत सुटली हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत. आणि मी काही तुमचे गुण गायला बसलेली नाही. ते दहाव्याला सगळ्यांनी गायले. तुमच्या माघारी तुम्हाला नाकं मुरडणाऱ्या बायांनीसुद्धा पदर डोळ्याला लावला. मी आपलं राहिलेलं बोलायला बसले आहे.

आज तुमच्या रानातला पावटा काढून झाला. वाळल्या शेंगा बडवल्या, उफणल्या, आणि दाणे ओट्यावर आणून ठेवले. दोन ढीग आहेत. एक पांढरा, मोठा. दुसरा काळा, सुपात मावेल एवढा. त्या काळ्या ढिगासाठी आपण दोघी जावांनी इतकी वर्षं एकमेकींकडं धड बघितलं नाही. आता तो समोर आहे, आणि ज्यांना दाखवायचा त्या तुम्ही मार्गशीर्षात निघून गेलात. असं कुणी करतं का?

तुमचे मालक म्हणून दादांना आधी सांगून झालं, ह्यांना सांगून झालं, रंजनाला तर दोनदा सांगितलं. पण ज्याच्याशी भांडण त्यालाच सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुमचं बी मी बिघडवलं की नाही, एवढाच तर प्रश्न होता आपल्यात. त्याचं उत्तर आलंय. ऐका.

आधी मागचं बोलते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी विसरले.

मी लग्न करून महाळुंग्यात आले तेव्हा माझ्या आईनं पडशीत काळा पावटा बांधून दिला होता. आमच्याकडं, जुन्नरच्या वर डोंगराच्या अंगाला, तोच पिकतो. चिंचोक्याच्या रंगाचा, आणि एका बाजूला पांढरी रेघ, कपाळाला गंध लावल्यासारखी. मी हौसेनं त्याचं कालवण केलं. रंग सुटला आणि रस्सा झाला काळाशार. पाहुणे जेवायला बसलेले, आणि तुम्ही पातेल्यात डोकावून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "धाकटे, शाई केलीस व्हय? ऱ्हायली तर पोरांच्या दौतीत भरून ठिव."

सगळे हसले. मीही हसले. नवी नवरी दुसरं काय करणार? पण मी तुम्हाला सांगते आक्का, त्या कालवणाला चव होती. जरा तुरट लागतं, शिजायला वेळ घेतं, पण चव होती. तुम्ही बोट लावून पाहिलं नाहीत.

तुमचा पांढरा. तुमच्या माहेरचा, ओझरकडचा. लग्नात तुमच्या आईनं दिलेला. दूध पिऊन वाढल्यासारखा एकेक दाणा. आळीतल्या बाया आषाढाच्या तोंडावर तुमच्याकडं यायच्या, आणि तुम्ही न्हाऊन, ओल्या केसांनी, राखेतलं ते मडकं उघडायचात. ज्याला त्याला एक ओंजळ. पुढल्या साली त्यांनी ओंजळीला थोडं वर धरून परत आणायचं. मडक्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. दादांनीसुद्धा नाही. गावात कुणाच्याही रानात पांढरा पावटा दिसला की लोक म्हणायचे, हे आक्काचं बी. तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचात, पण चाल बदलायची तुमची. मी बघत होते ना मागनं.

मग ते साल आलं. रंजना तेव्हा रांगत होती. तुमची कंबर लचकलेली. बी तुम्ही निवडलंत, ओट्यावर उन्हात बसून, एकेक दाणा बोटानं फिरवून. डाग असलेला बाजूला, बारका बाजूला. आणि पहिल्यांदा माझ्या ओटीत घालून म्हणालात, जा, तू पेर. मला किती बरं वाटलं होतं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते. लई बरं वाटलं होतं.

मी पेरलं. त्यात माझा एक दाणा मिसळला नाही. माझा काळा मी वेगळ्या गाडग्यातनं नेला आणि बांधाला टोचला, तुमच्या देखत.

ते पीक निघालं चांगलं. त्याच्या पुढच्या वर्षीसुद्धा निवड तुमची, पेरणी माझी. त्या खेपेला बडवायला रोजानं बाया लावल्या होत्या आणि पोतं शिवूनच घरी आलं. आपण दोघी एसटीनं जुन्नरला गेलो, बाजारपेठेतल्या त्या शेठकडं, तुमच्या वडलांपासूनचं ओळखीचं दुकान. शेठनी पोत्याचं तोंड उसवलं, मूठ भरली आणि बोटांतनं दाणे सोडत राहिले. पांढरे, पांढरे, मग एक काळा. परत पांढरे, मग दोन काळे. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. ते बिचारे हळूच बोलले, "वहिनी, दर वर्षीचा माल न्हाई हा. ह्यात दोन जाती हायेत."

तुम्ही पदर सारखा केलात. एसटीत खिडकीतनं बाहेर बघत बसलात. फाट्यावर उतरून रस्त्याला लागलो तेव्हा, पुढं बघूनच, तुम्ही म्हणालात, "निवडलं मी. पेरलं तू. मंग काळं आलं कुठनं?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक.

खरंच ठाऊक नव्हतं, आक्का! पण मला गोड बोलायला येत नाही. माझं 'मला काय ठाऊक' म्हणजे दार आपटल्यासारखं वाजतं. तुम्हाला वाटलं, त्या शाईच्या कालवणाचा हिनं डूख धरला आणि आपलं बी बिघडवलं. तुमच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. निवडलेलं बी स्वच्छ पांढरं होतं, तुमच्या डोळ्यांसमोरचं. पेरणारा हात एकच, माझा. तिसरं कुणी होतंच कुठं?

तुम्ही गावात जाऊन बोलला नाहीत, हे मी मानते. पण बोलायची गरज नव्हती. तुमचं बी नेलेल्या बायांच्या रानातही काळं दिसलं, आणि त्यांनी त्यांचं गणित मांडलं. तेव्हापासून आळीत खुरपायला कमल चालायची, भुईमूग उपटायला कमल चालायची, पण पेरणीच्या दिवशी कुणी माझ्या ओटीत बी घातलं नाही. हसून टाळायच्या. तू दमलीस, तू बस, तू चहाचं बघ. मी काय दुधखुळी होते? एकदा ह्यांनी सुद्धा विचारलं, चुकून तर पडलं नसंल ना तुझ्या हातनं? त्या दिवशी मी ताट वाढलं नाही. चटणी-भाकरी आपल्या हातानं घेऊन खाल्ली त्यांनी.

पुढं चूल वेगळी झाली. ती काही पावट्यामुळं नाही, ती कॅनॉलच्या पाण्यामुळं आणि टोमॅटोमुळं. दोघा भावांना वेगळं काही करून बघायचं होतं. ओटा एकच राहिला, अंगण एकच राहिलं, रंजना दोन्ही घरी जेवत राहिली. तुमची मुलं चाकणला कंपनीत लागली तशी तर ती जास्त करून तुमच्याकडंच. आपण बोलायचो, नाही असं नाही. पाणी आलं का, गॅस संपला का, पोरीला ताप आहे का. पण पावट्याचं नाव निघालं की दोघी आपापल्या कामाला.

रान तुमचं वर, माझं खाली, मधे बांध. त्या बांधावर मी दर साली माझा काळा पावटा लावत राहिले. का लावू नये? माझ्या आईनं दिलेला होता. आणि दर साली दिवाळीच्या सुमाराला तुमच्या रानात काही वेलांना जांभळं फूल यायचं. पांढऱ्या पावट्याला फूल पांढरं, काळ्याला जांभळं, हे पोरंसुद्धा ओळखतात. पहिल्या खेपेला मात्र ते बांधावरनं आत पसरलेलेच वेल वाटले होते. माझ्या रानाची वाट तुमच्या रानातनं, तेव्हा येता-जाता मीच दाणे टाकते असं तुम्ही धरलंत. तुम्ही ते वेल मुळासकट उपटायचात आणि बांधाच्या अलीकडं, माझ्या बाजूला, टाकून द्यायचात. एक शब्द बोलायचा नाहीत. मी ते उचलून शेरडापुढं टाकायची. मीही एक शब्द बोलायची नाही. काय बाया होतो आपण!

एका साली पेरल्यावर पावसानं उघडीपच दिली नाही, आठवतं? तुमचं पांढरं बी जमिनीत कुजलं. मऊ पडलं, वास मारायला लागलं. माझा काळा बांधावर टरारून वर आला. तुम्ही बांधाजवळ येऊन उभ्या राहिलात, बघितलंत, आणि जाऊन दुबार पेरलंत. मागितलं असतं तर मी दिलं असतं. मी होऊन का दिलं नाही, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही घेतलं असतं का?

आता ह्या सालचं.

ज्येष्ठात त्या कोपऱ्यावरच्या सुनंदाची नवी सून बी मागायला आली. तुम्ही मडकं आणायला आत गेलात. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तिचं सूप कलंडलं म्हणून मी धरायला हात पुढं केला, तर तिनं सूप झटकन आपल्याकडं ओढलं. म्हणाली, "काकी, तुमी नका हात लावू. आत्याबाईंनी सांगून ठिवलंय."

कालची पोर, सासूनं पढवून पाठवलेली. हे सगळं झालं तेव्हा ती कुठल्या गावात परकर नेसून फिरत असेल. तिच्यापर्यंत गेलं होतं. म्हणजे मी मेल्यावरही हेच राहणार. नाव कमल, आणि जावेचं बी बिघडवलं ती.

ती गेल्यावर मी तुमच्यासमोर येऊन बसले. आवाज चढवला नाही, हे कबूल करा.

"आक्का, ह्या साली सगळं तुमच्या हातानं करा. निवडायचं तुमी, पेरायचं तुमी. शेंगा वाळंस्तवर मी त्या रानात पाय ठिवणार न्हाई. काळं निघालं तर माझा हात न्हवता, एवढं म्हना."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. म्हणालात, "आन न्हाई निघालं तर?"

"तर मी बिघडवलं म्हनून आळीत सांगीन. माझ्या तोंडानं."

तुम्ही मान डोलावलीत. बस्स.

तुमचे गुडघे धड नाहीत, आणि तरी आषाढात तुम्ही ते रान पेरलंत. दादा पुढं काठीनं भोक पाडायचे आणि तुम्ही मागनं बसत-उठत दाणा टाकायचात. मी रस्त्यावरनं बघत होते. धावत जाऊन तुमच्या ओटीतलं बी घ्यावं असं वाटत होतं. पण अट म्हणजे अट. मी माझ्या रानाला जायचं तर ओढ्याकडनं वळसा घालून जाऊ लागले. बांधावरचा माझा पावटासुद्धा मी माझ्याच बाजूनं तोडला, मान वर करून पलीकडं बघितलं नाही. ह्यांना वेड लागायची पाळी आली माझ्या पायी.

दिवाळी झाली आणि तुम्ही आजारी पडलात. आधी मंचरच्या दवाखान्यात, मग घरी. ओट्यावर बाज टाकली तुमची. मी पेज घेऊन आले की तुम्ही म्हणायचात, "धाकटे, रानात जाऊन ये की एकदा."

मी म्हणायची, शब्द दिलाय.

दुसऱ्या दिवशी परत तेच. "शब्दाला काय धरून बसलीस? जा, बघून ये."

खरं सांगू? मला वाटलं तुम्ही मला फसवताय. मी रानात पाय ठेवला की उद्या काळं निघाल्यावर म्हणाल, ती गेली होती, तिनं काहीतरी केलं. म्हणून मी जास्तच हट्टाला पेटले. शेंगा वाळल्याशिवाय जाणार न्हाई, म्हटलं, मग तुमी किती बी सांगा. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. तुमचे खांदे हलत होते. मला वाटलं खोकला आला. आता वाटतं, हसत होतात.

आणि मग त्या सकाळी दादांनी हाक मारली, आणि मी आले तेव्हा पेज प्यायला कुणी नव्हतं.

संक्रांत आपल्या घरी ह्या साली नव्हतीच. ती झाल्यावर दादा ओट्यावर आले. म्हणाले, "शेंगा वाळल्यात. तुझ्या आक्काचं रान तूच काढ."

मी गेले. आत पाय टाकला, आणि पहिल्या ओळीतच मला चिंधी दिसली.

तुम्हाला काय सांगायचं, पण माझं मला सांगू द्या. बियासाठी वेल राखायचा असला की आपण त्याला चिंधी बांधतो. म्हणजे भाजीला हिरव्या शेंगा तोडणारीनं त्याला हात लावू नये. बाकी वेल खायचे, हा पेरायचा. चिंधी तुमच्या त्या अंजिरी लुगड्याची होती, काठासकट फाडलेली. मला वाटलं, चांगला पांढरा वेल बघून राखला असेल. शेंग तोडली, उकलली. काळा. कपाळाला पांढरं गंध.

दुसरी चिंधी शोधली. काळा. तिसरी, तीही. मी वेड्यासारखी ओळींतनं हिंडले. पांढऱ्या वेलाला एक चिंधी नाही. जेवढे काळे तेवढे सगळे बांधलेले, आणि एकही उपटलेला नाही.

मी बांधावर बसले. दादा मागनं आले होते. त्यांना मी काही विचारलं नाही, ते आपणहून सांगायला लागले. दिवाळीच्या आधी जांभळी फुलं आली तेव्हा तुम्ही काठी टेकून बराच वेळ तिथं उभ्या होतात म्हणे. दादांनी नेहमीप्रमाणे विचारलं, उपटू का?

तुम्ही म्हणालात, "नको. हे माझ्या हातचं हाय."

मग घरी जाऊन लुगडं फाडलंत. वाकता येईना म्हणून दादांना घेऊन परत आलात आणि वेल दाखवून दाखवून गाठी मारून घेतल्यात. दादा म्हणाले, धाकटीला बोलावू का? तर तुम्ही, "नका. ती येईल तवा तिचं तिला दिसंल."

आक्का, तोंडानं सांगायला काय झालं होतं? एवढा मी पेला तुमच्या तोंडाला लावत होते, तेव्हा दोन शब्द निघाले नसते? 'धाकटे, तुझा हात न्हवता.' झालं. मी काय तुम्हाला गावात मिरवायला नेणार होते? रानात जा, रानात जा. मला बाई असलं आडून बोललेलं कळत नाही. मला सरळ सांगावं लागतं. इतक्या वर्षांत एवढं कळायला नको तुम्हाला?

बरं, रागावले. आता रागावून कुणाला काय.

पण एक कोडं राहिलंच होतं. तुमचा हात नव्हता मिसळायला, माझा नव्हता. मग काळं आलं कुठनं? रंजना मंचरला कॉलेजात सायन्स शिकते, ती शनिवारी आली तेव्हा तिला दोन्ही दाणे दाखवले. तिनं तिच्या मॅडमना विचारलं आणि पुढच्या शनिवारी आली ती सांगतच आली.

ती म्हणते, भुंगा. ते मोठे काळे भुंगे पावट्याच्या फुलावर घोंगावतात ना, ते. माझ्या बांधावरच्या जांभळ्या फुलातनं उठायचे आणि तुमच्या पांढऱ्या फुलावर बसायचे. पावटा तसा आपलं आपण भागवतो, पण भुंगा बसला की एखाद्या फुलात दुसऱ्याची धूळ पडतेच.

मी म्हटलं, मग त्याच साली काळा दाणा का नाही निघाला? निवडताना आक्कानं पकडला असता की. तिच्या नजरेतनं काय सुटलंय कधी?

तर ती म्हणाली, "आई, दाण्याची साल आईची असते. ज्या वेलावर दाणा धरला, त्या वेलाची. बाप कुठला का असंना, साल आईच्या रंगाची. बापाचं जे काय असतं ते आत."

म्हणजे तुम्ही निवडलेला दाणा वरनं पांढराच होता. तुमची नजर चुकली नव्हती. पण आत काळ्याचं बसलेलं होतं, आणि ते पेरल्यावर जो वेल आला, त्याचं फूल जांभळं, आणि त्यानं आपल्या दाण्यांना साल घातली ती काळी. एक वर्ष लपून बसलं आणि दुसऱ्या वर्षी दिसलं. तुम्ही सूर्याच्या उजेडात निवडा नाहीतर चष्मा लावून निवडा, कुणाला दिसणार? आपण दोघी दाण्याकडं बघत बसलो, आणि जे झालं ते एक साल आधी फुलात झालं होतं.

त्या सालीतल्या रंगाचंही तिनं सांगितलं. तो नुसता वरनं लावल्यासारखा रंग नाही म्हणे. चहात असतं तसलं तुरट काहीतरी असतं त्यात, नाव मी विसरले, आणि ते दाण्याला सांभाळतं. ओलीत बी लवकर कुजत नाही, कीड जरा दमानं लागते. म्हणून त्या पावसाच्या साली माझं उभं राहिलं. म्हणून ते तुरट लागतं आणि शिजायला वेळ घेतं. आणि पाण्यात सुटतं म्हणून रस्सा काळा होतो. तुम्ही ज्याला शाई म्हणालात ना, ती त्या दाण्याची कातडी होती, पावसापाण्याला तोंड द्यायची. मला ऐकून बरं वाटलं. मग वाटलं, पांढऱ्यानं ते सगळं टाकून दिलं आणि गोड झाला, लवकर शिजला, लोकांना आवडला. त्यालाही सांभाळणारं कुणीतरी लागलंच की. राखेचं मडकं लागलं, ओल्या केसांनी उघडणारी तुम्ही लागलात. ह्यात बरं कोण आणि वाईट कोण, मला सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट मला टोचते, ती तुम्हाला सांगितली पाहिजे. हात माझा नव्हता, पण काळं माझंच होतं. माझ्याच बांधावरनं गेलं. मी दर साली लावत होते, भुंगा दर साली नेत होता, आणि तुम्ही दर साली वेल उपटून माझ्याच बाजूला टाकत होतात. म्हणजे तुमचं अगदीच चुकलं होतं असंही म्हणता येत नाही. हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बघ, सांगत व्हते का न्हाई. मी म्हणाले असते, भुंग्याला इचारा. मग परत चार दिवस अबोला धरला असता आपण. तेवढा तरी मिळायला हवा होता मला.

ओट्यावर ते मडकं आहे तुमचं. दादांनी आणून ठेवलं आणि म्हणाले, आता तुझ्याकडंच राहू दे. मी न्हाले आहे. केस ओले आहेत. हात घालायला काही केल्या धजत नव्हते, म्हणून आधी पत्र लिहायला बसले.

आता ऐका, मी काय करणार आहे ते. तळाला पांढरा घालीन, मग राखेचा थर, वर तुमचा चिंध्यांचा काळा. पांढरा पेरीन ओढ्याकडच्या तुकड्यात, माझ्या बांधापासून लांब. रंजना म्हणते लांब असला म्हणजे भुंगा कमी पोचतो. तुमच्या आईचं बी पांढरंच राहील, एवढं माझ्याकडं लागलं. आणि काळा मी तुमच्या वरच्या रानात पेरीन. तुम्ही पेरायचा म्हणून राखलात, तर पेरलाच पाहिजे.

गप्प बसेन असं मात्र समजू नका. आषाढाच्या तोंडावर बाया येतील, ती सुनंदाची सूनही येईल. मी मडकं उघडीन आणि आधी चिंध्या दाखवीन सगळ्यांना, सोडून ठेवल्यात मी त्या. कुणी ना कुणी विचारणारच, एका मडक्यात दोन रंग कसे, मिसळलं कुणी. तेव्हा सांगीन, भुंग्यानं मिसळलं आणि आक्कानं राखलं. माझा हात त्याला आत्ता लागतोय.

तुमची धाकटी,
कमल